वादळाच्या पोटांतली साक्ष

वावटळ न पाहिलेला मनुष्य देशावर सांपडणें कठीण. चैत्र-वैशाखाच्या भर दुपारीं माळावर धूळ, पाचोळा आणि एखादें चुकार फडकें यांचा खांब उभा राहतो, बांधावरून गिरक्या घेत घेत जातो आणि थोड्याच वेळांत कोठें विरला हें कळतही नाहीं. मुलें त्यांत शिरूं पाहतात व घरांतील वडील मंडळी त्यांच्यावर ओरडतात. टोर्नेडो म्हणजे हीच वावटळ, फक्त कित्येक पटींनीं मोठी, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ती बरोबर नाहीं. आपली वावटळ तापलेल्या जमिनीपासून वर चढते, आणि तिच्या माथ्यावर आकाश बहुधा निरभ्र असतें. टोर्नेडो हा एका प्रचंड वादळी मेघाचा अवयव आहे. त्या मेघावांचून त्याला अस्तित्वच नाहीं. वर्तमानपत्रांतून आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतों तें तर तिसरेंच प्रकरण. तें समुद्रावर जन्मतें, शेंकडों मैल पसरतें आणि दिवसचे दिवस टिकतें. टोर्नेडोची रुंदी बहुधा कांहींशें फूट, क्वचित् एक-दोन मैल; आणि आयुष्य बहुतेक वेळां अवघ्या दहा मिनिटांचें. मात्र तेवढ्या अवधींत मोठ्या टोर्नेडोंतील वारा ताशीं २०० मैलांच्या पलीकडे जातो. ता. ३ मे १९९९ रोजीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत फिरत्या रडारनें जो वेग मोजला, तो ताशीं ३०० मैलांच्या आसपास होता. पृथ्वीच्या पाठीवर मोजलेल्या अत्यंत वेगवान वाऱ्यांत ह्याची गणना होते.

अशा वस्तूच्या अगदीं जवळ जाऊन परत आलेला मनुष्य काय सांगतो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. आगगाडीचा अपघात झाला तर डबे, रूळ, एंजिन जागेवर सांपडतात व चौकशी करतां येते. टोर्नेडो आपलें काम करून नाहींसा होतो. मागें राहतो तो ढिगारा आणि वाचलेल्यांची साक्ष. ती साक्ष किती खरी, आणि तिच्यावरून काय शिकावें, ह्यावर पुढें अनेकांचे प्राण अवलंबून राहिले.

ह्या साक्षींत विल केलर नांवाच्या शेतकऱ्याची साक्ष फार प्रसिद्ध आहे. कॅन्सस संस्थानांत ग्रीन्सबर्ग गांवाजवळ त्याची शेती होती. ता. २२ जून १९२८ रोजीं गारांनीं त्याचें गव्हाचें उभें पीक झोडपून काढलें, आणि दुपारीं तीन-चारच्या सुमारास तो घरच्या माणसांसह नुकसानी पाहण्यास शेतावर गेला होता. नैर्ऋत्येकडे पाहतो तों छत्रीसारखा पसरलेला हिरवट-काळा मेघ, आणि त्याच्या खालून तीन सोंडा लोंबत असलेल्या. त्यांतील एक सरळ त्याच्याच रोंखानें येत होती. त्या मुलखांत घराशेजारीं जमिनींत लहानसें तळघर खणून ठेवण्याची चाल आहे. त्यांत त्यानें माणसांना घाईनें उतरविलें, आणि स्वतः आंत शिरून दार ओढून घेणार इतक्यांत त्याला एकदां मागें वळून पाहावेंसें वाटलें. पूर्वीं अनेक टोर्नेडो पाहिलेले असल्यामुळें तो भांबावून गेला नव्हता. शिवाय एका उडीसरशीं आंत जातां येईल अशी त्याची खात्री होती.

सोंड जवळ आली तसें तिचें टोंक जमिनीवरून उचललें गेलें, आणि ती केलरच्या डोक्यावरून जाऊं लागली. खालीं स्मशानशांतता पसरली. कसल्याशा वायूचा उग्र वास सुटला, श्वास घेणें जड झालें, आणि सोंडेच्या टोंकाकडून कर्कश फूत्कार ऐकूं येऊं लागला. त्यानें वर पाहिलें. बरोबर डोक्यावर एक वर्तुळाकार पोकळी होती. तिचा व्यास त्याच्या अंदाजानें पन्नास ते शंभर फूट, आणि ती सरळ वर निदान अर्धा मैल गेलेली. तिच्या भिंती फिरत्या मेघांच्या होत्या, आणि त्या भिंतींवरून इकडून तिकडे सारख्या विजा खेळत असल्यामुळें सारी पोकळी लखलखीत उजळली होती. विजा नसत्या तर आपणांस कांहींच दिसलें नसतें असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. सोंडेच्या खालच्या कडेभोंवतीं लहान लहान भोंवरे उत्पन्न होत, शेपटांसारखे वळवळत आणि तुटून जात. तो फूत्कार त्यांचाच होता. मोठा भोंवरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनें फिरत होता, परंतु त्या लहानांपैकीं कांहीं सुलट दिशेनें फिरत होते, हेंही त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. थोडें पुढें गेल्यावर सोंड पुन्हां जमिनीला टेंकली आणि तिनें शेजाऱ्याचें घर भुईसपाट केलें.

डॉज सिटी येथील हवामान-कचेरींतील अधिकाऱ्यानें ही हकीकत केलरकडून ऐकून टिपून घेतली, आणि १९३० सालीं ती अमेरिकन हवामान-खात्याच्या मासिकांत छापून आली. प्राण कंठाशीं आले असतां मनुष्य इतकें बारकाईनें पाहतो ह्यावर विश्वास बसणें सोपें नाहीं. आमच्या मतें ह्याचें रहस्य केलरच्या धैर्यांत जितकें आहे तितकेंच त्या तळघराच्या दारांत आहे. ज्याच्या पायाशीं आसरा होता व ज्याची माणसें सुरक्षित होतीं, त्यालाच वर पाहण्याची सवड मिळाली.

टोर्नेडो बनतो कसा, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. वसंत ऋतूंत मेक्सिकोच्या आखातावरून उष्ण व दमट हवा अमेरिकेच्या मध्यभागीं शिरते, आणि तिच्यावर पश्चिमेच्या पहाडांकडून आलेली कोरडी, व आणखी वर थंड हवा असते. खालची हवा वर उसळण्यास आतुर असते. ती एकदां उसळली म्हणजे सहा-सात मैल उंचीचे मेघ तासा-दोन तासांत उभे राहतात. त्यांतच जमिनीलगत वारा एका दिशेचा व मंद, आणि उंचावर दुसऱ्या दिशेचा व जोराचा असा भेद असला, तर हवा आडवी लाटण्यासारखी फिरूं लागते. वर उसळणारा प्रवाह हें लाटणें उचलून उभें करतो, आणि सबंध मेघच सावकाश फिरूं लागतो. पुढची गोष्ट आपल्या घरांतील मुलींना ठाऊक आहे. फुगडी घालतांना दोघी एकमेकींच्या जवळ आल्या कीं गिरकीचा वेग आपोआप वाढतो. फिरणारी हवा वर ओढली जाऊन आंत आंत आवळत गेली कीं तोच नियम लागू होतो. मैलोगणती पसरलेली मंद गिरकी शंभर-दोनशें यार्डांत सांठते आणि भयंकर होते. मात्र असे सगळेच फिरते मेघ टोर्नेडोला जन्म देत नाहींत, आणि अमक्यानेंच कां दिला व तमक्यानें कां नाहीं, हें कोडें शास्त्रज्ञांना अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं.

केलरच्या तीन वर्षें आधीं, ता. १८ मार्च १९२५ रोजीं, अमेरिकेच्या इतिहासांतील सर्वांत प्राणघातक टोर्नेडो होऊन गेला होता. मिसूरी, इलिनॉय व इंडियाना ह्या तीन संस्थानांतून २१९ मैलांची रेघ ओढीत तो साडेतीन तास धांवला. ६९५ माणसें गेलीं. त्याची चाल ताशीं साठ मैलांहून अधिक होती. तो आला तेव्हां पुष्कळांना टोर्नेडो आला हेंच कळलें नाहीं. तो इतका रुंद होता व धूळ-मोडतोडीनें इतका वेढलेला होता, कीं सोंडेचा आकार दिसतच नव्हता. काळें धुकें लोळत यावें तसा तो आला. एकट्या मर्फिझबरो शहरांत २३४ जण मेले. डी सोटो गांवीं शाळा भरलेली असतांना ती कोसळली व ३३ मुलें दगावलीं. वेस्ट फ्रँकफर्ट हें कोळशाच्या खाणींचें गांव. तेथें दुपारीं शेंकडों पुरुष पाळीवर जमिनीच्या पोटांत खोल उतरलेले होते. ज्या धंद्यांत रोज मरण उशाशीं घेऊन उतरावें लागतें त्या धंद्यांतले ते सारे जिवंत वर आले, आणि वर येऊन पाहतात तों घरांत मागें राहिलेल्या बायका-मुलांच्या प्रेतांची रांग. ह्या गांवच्या मृतांत बहुसंख्य स्त्रिया व मुलेंच होतीं.

त्या दिवशींच्या हवामानाच्या भाकितांत टोर्नेडो हा शब्द नव्हता, आणि तो असणें शक्यही नव्हतें. १८८० नंतरच्या दशकांत जॉन पार्क फिन्ली ह्या लष्करी अधिकाऱ्यानें शेंकडों टोर्नेडोंच्या नोंदी जमवून भाकितें करण्यास आरंभ केला होता; परंतु वरिष्ठांना असें वाटलें कीं, टोर्नेडोनें होईल त्यापेक्षां त्याच्या नांवानें उडणाऱ्या घबराटीनेंच अधिक नुकसान होईल. म्हणून तो शब्द भाकितांत वापरण्यास बंदी झाली. ही बंदी पूर्णपणें उठण्यास १९५० साल उजाडलें. लोकांना संकटाचें नांव सांगितलें तर ते वेडेपिसे होतील, ही समजूत राज्यकर्त्यांत सर्वत्रच आढळते. घरांतील कर्त्या पुरुषांतही ती कमी आढळते असें नाहीं.

बंदी सैल पडण्याचें एक कारण मोठें चमत्कारिक आहे. ता. २० मार्च १९४८ च्या रात्रीं ओक्लाहोमांतील टिंकर विमानतळावर टोर्नेडो कोसळून लष्करी विमानांची नासाडी झाली. सेनाधिकाऱ्यानें आपल्या हवामान-अधिकाऱ्यांना विचारलें कीं, हें आधीं कां सांगतां आलें नाहीं? अर्नेस्ट फॉबुश व रॉबर्ट मिलर ह्या दोघांनीं जुने नकाशे धुंडाळले, आणि अवघ्या पांचच दिवसांनीं, ता. २५ रोजीं, तसाच नकाशा पुन्हां समोर आला. एका ठिकाणीं आठवड्यांत दोनदां टोर्नेडो येण्याचा संभव नगण्य. भाकित चुकलें तर नोकरीवर गदा. तरी त्यांनीं तें केलें. विमानें बांधून, झांकून ठेवण्यांत आलीं. आणि सायंकाळीं टोर्नेडो खरोखरच त्याच विमानतळावरून गेला.

केलरच्या साक्षीकडे पुन्हां वळूं. त्यानें पाहिलेल्या त्या लहान भोंवऱ्यांचें महत्त्व पटविलें तें टेत्सुया फुजिता ह्या जपानी शास्त्रज्ञानें. १९४५ सालीं अणुबाँब पडल्यावर हिरोशिमा व नागासाकी येथें जाऊन झाडें कोणत्या दिशेला लोळलीं ह्यावरून स्फोटाची उंची काढणारा हा तरुण अध्यापक. तो स्वतः कोकुरा शहरीं राहत होता. दुसरा बाँब त्याच शहरासाठीं होता. परंतु त्या दिवशीं आकाश झांकलेलें असल्यामुळें विमान नागासाकीकडे वळलें. १९५३ सालीं तो शिकागोस गेला आणि तेथें विमानांतून टोर्नेडोच्या वाटांचीं छायाचित्रें घेऊं लागला. शेतांतून त्याला वलयांसारख्या खुणा दिसल्या. त्यावरून त्यानें असें प्रतिपादिलें कीं, मोठ्या भोंवऱ्याच्या आंत अनेक लहान भोंवरे फिरत असतात, आणि खरा विध्वंस पुष्कळदां तेच करतात. एक घर पायासकट जावें आणि शेजारच्या घराच्या कौलालाही धक्का लागूं नये, ह्याला लोक आजवर दैव म्हणत असत. त्याला असें कारण सांपडलें. टोर्नेडोचें बळ नुकसानीवरून ठरविण्याचें जें माप जगभर वापरलें जातें, तेंही मुळांत त्यानें १९७१ सालीं दिलेलें. २००७ पासून अमेरिकेंत त्याची सुधारलेली आवृत्ति चालू आहे. गंमत अशी कीं, टोर्नेडोचा हा महापंडित प्रत्यक्ष टोर्नेडो पहिल्यानें पाहूं शकला तो १९८२ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं. जवळून पाहिल्यावांचूनही किती जाणतां येतें, ह्याचें हें उदाहरण.

उलट, जवळून पाहिलेलें सगळेंच शिकण्याजोगें असतें असेंही नाहीं. फिन्लीनें तळघराच्या पश्चिमेकडच्या, विशेषतः नैर्ऋत्य कोपऱ्यांत दडावें असें सांगितलें होतें. टोर्नेडो बहुधा तिकडूनच येतो, तेव्हां घर पलीकडे कोसळेल असा तर्क. लोकांनीं हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या पाळला. १९६६ सालीं टोपेका शहरावर टोर्नेडो आला, त्यानंतर पडक्या घरांची पाहणी झाली, तेव्हां तोच कोपरा सर्वांत कमी सुरक्षित ठरला. घराच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या, नाहीं तर बाहेरचा दाब एकाएकीं उतरून घर फुग्यासारखें फुटेल, ही समजूतही अशीच. दाब उतरतो हें खरें, पण घर मोडतें तें वाऱ्यानें व वाऱ्याबरोबर उडून येणाऱ्या वस्तूंनीं. खिडक्या उघडीत बसणारा मनुष्य तेवढा वेळ कांचेसमोर उभा राहतो, एवढाच फरक.

सर्वांत दुःखद गोष्ट पुलाखालच्या आसऱ्याची. १९९१ च्या एप्रिलांत कॅन्ससमधील हमरस्त्यावर कांहीं मंडळी एका पुलाखालीं तुळयांच्या आडोशाला चिकटून बसलीं, वादळ जवळून गेलें, आणि तीं सुखरूप राहिलीं. त्यांचें चलच्चित्र घरोघर दाखविलें गेलें. पाहणाऱ्यांनीं धडा घेतला कीं, टोर्नेडो आला म्हणजे पूल गांठावा. वस्तुतः तो टोर्नेडो दुर्बळ होता व त्यांच्यावरून सरळ गेलाही नव्हता. ता. ३ मे १९९९ रोजीं, वर सांगितलेल्या ओक्लाहोमाच्या वादळांत, लोक मोटारी रस्त्यांत सोडून पुलांखालीं चढून बसले. त्या अरुंद फटींतून वारा अधिकच जोरानें घुसतो. तीन निरनिराळ्या पुलांखालीं एकेक मनुष्य मेला, आणि कित्येक भयंकर जखमी झाले. वाचलेला साक्ष देतो. मेलेल्याला ती देतां येत नाहीं. म्हणून वाचलेल्यानें जें केलें त्यामुळेंच तो वाचला असें आपण सहज धरून चालतों.

साक्षीसाठीं स्वतः न थांबतां यंत्र ठेवून यावें, हा मार्ग टिम सॅमरस ह्या संशोधकानें पत्करला. चपट्या शंकूसारखें, कांसवासारखें जमिनीला धरून राहणारें यंत्र करून तो तें टोर्नेडोच्या वाटेंत ठेवी व मोटार हांकून बाजूला होई. ता. २४ जून २००३ रोजीं साउथ डाकोटांतील मँचेस्टर हें खेडें टोर्नेडोनें पुसून टाकलें, त्याच दिवशीं सॅमरसच्या एका यंत्रावरून तो भोंवरा गेला, आणि हवेचा दाब १०० मिलिबार, म्हणजे सुमारें एक दशांश, क्षणार्धांत उतरल्याची नोंद झाली. केलरला श्वास जड झाला होता त्याचें मोजमाप असें पाऊणशें वर्षांनीं मिळालें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण एकाचें नाक व दुसऱ्याचें यंत्र यांची इतकी सोयीस्कर जोडणी न करणेंच बरें.

सॅमरस सावधपणाबद्दल विख्यात होता. ता. ३१ मे २०१३ रोजीं ओक्लाहोमांतील एल रेनो गांवाजवळ एक टोर्नेडो थोड्याच वेळांत फुगून २.६ मैल रुंद झाला. इतका रुंद टोर्नेडो त्यापूर्वीं कधीं मोजला गेला नव्हता. त्यानें एकाएकीं दिशा बदलली, वेग वाढविला, आणि सॅमरस, त्याचा चोवीस वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघेही मोटारींत गांठले जाऊन ठार झाले. टोर्नेडोचा पाठलाग करणाऱ्या संशोधकांत असे मृत्यु त्यापूर्वीं झालेले नव्हते. पावसाच्या पडद्याआड तो भोंवरा दिसत नव्हता. शिवाय मोठ्या भोंवऱ्याच्या आंत एक लहान भोंवरा वेगळ्याच गतीनें धांवत होता, असें पुढें रडारच्या नोंदींवरून दिसून आलें.

आतां पुष्कळ ठिकाणीं सूचना आधीं मिळते, भोंगे वाजतात. ता. २२ मे २०११ रोजीं मिसूरींतील जॉप्लिन शहरांत टोर्नेडो पोंचण्याच्या सुमारें वीस मिनिटें आधीं भोंगा वाजला होता. तरी १५८ माणसें वादळानें गेलीं. चौकशींत असें आढळलें कीं, भोंगे नेहमींचेच म्हणून अनेकांनीं दुसरा कांहीं पुरावा मिळण्याची वाट पाहिली. कोणी दारांत येऊन आकाशाकडे पाहूं लागले. केलरच्या वेळीं हें कुतूहल फळलें, कारण सोंड उचलली गेली.

येथवरची सारी हकीकत अमेरिकेची झाली, कारण वर्षांत हजारांवर टोर्नेडो त्याच देशांत होतात व लिहूनही तेथेंच ठेवले जातात. पण जगांतील सर्वांत प्राणघातक टोर्नेडो अमेरिकेंतील नव्हे, तो बंगालचा. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत बंगालच्या उपसागरावरील दमट हवा आणि वायव्येकडील कोरडी, तापलेली हवा यांची गांठ पडून जीं वादळें उठतात, त्यांना तेथील लोक कालबैशाखी म्हणतात. टोर्नेडो त्यांतूनच निपजतात. ता. ७ एप्रिल १८८८ रोजीं ढाका शहरावर आलेल्या टोर्नेडोनें नबाबांच्या अहसान मंझिल ह्या राजवाड्याचीही मोडतोड केली व शंभराहून अधिक माणसें मारलीं. ता. १७ मार्च १९७८ रोजीं तर खुद्द दिल्लींत, विश्वविद्यालयाच्या परिसरांत, टोर्नेडो येऊन गेला. कांहीं मिनिटांत सुमारें तीस माणसें मेलीं. ता. ३१ मार्च २०२४ रोजीं जलपाईगुडी जिल्ह्यांत मैनागुडीच्या बाजूस घरांचीं छपरें उडालीं व माणसें दगावलीं, हें कित्येक वाचकांच्या स्मरणांत असेल.

ता. २६ एप्रिल १९८९ ची गोष्ट मात्र ह्या सर्वांहून निराळी. बांगलादेशाच्या मानिकगंज जिल्ह्यांत दौलतपूर व साटुरिया ह्या भागांत पाऊस नसल्यामुळें लोक आकाशाकडे डोळे लावून बसले होते. सायंकाळीं ढग आले, आणि त्यांबरोबर टोर्नेडो. सुमारें १३०० माणसें मेलीं. ८० हजारांच्या घरांत लोक बेघर झाले. साटुरिया गांवांत उभें असें फारसें कांहीं राहिलें नाहीं. ह्या प्रांतांत बांबूच्या कुडांच्या व पत्र्याच्या छपरांच्या घरांची वस्ती दाट. असें घर वाऱ्यापुढें क्षणभरही टिकत नाहीं, आणि उडालेला पत्रा तरवारीसारखा फिरून माणसांना कापतो. केलरसारखा कोणी तेथेंही दारांत उभा राहून वर पाहत असेल. त्यानें काय पाहिलें तें टिपून घेणारी कचेरी तेथें नव्हती, आणि त्याच्या पायाशीं तळघरही नव्हतें. ही भूमि दर पावसाळ्यांत नद्यांच्या पाण्याखालीं जाते. घरें बांधावयाचीं तीं मातीचा भराव घालून, शेतापेक्षां उंच चौथऱ्यावर. खालीं खणून ठेवलेल्या खोलींत आषाढांत पाणी भरतें.